नदी २४५ मीटर खोल आहे का?

प्रश्न : माझं माहेर नाशिकचं, सासर कारध्याचं. लग्नाला अकरा वर्षं झाली. दर पावसाळ्यात बातम्यांत ‘कारधा पुलाजवळ वैनगंगेची पातळी २४५ मीटर’ असं ऐकते. यंदा माझ्या आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, ‘आई, आपली नदी दोनशे पंचेचाळीस मीटर खोल आहे का?’ मला सांगता आलं नाही. दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. दिवाळीनंतर माहेरची माणसं पहिल्यांदाच इकडे राहायला येणार आहेत. नाशिकला रामकुंड आहे, कालिदास कलामंदिर आहे. आमच्या कारध्याला नाट्यगृह नाही, संग्रहालय नाही. पाहुण्यांना मी काय दाखवू? (एक वाचक, कारधा, जि. भंडारा)

उत्तर : ताई, मुलाचा प्रश्न आधी घेतो. भंडाऱ्यात जन्म काढलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांनीही तो कधी विचारलेला नाही.

नदी २४५ मीटर खोल नाही. तेवढी असती तर दिल्लीचे तीन कुतुबमिनार एकावर एक उभे केले तरी पाण्याखाली गेले असते. पुलाजवळ जो आकडा वाचतात तो नदीच्या तळापासून मोजलेला नसतो, समुद्रापासून मोजलेला असतो. समुद्राच्या सरासरी पातळीला शून्य धरायचं आणि तिथून वर मोजत यायचं. वैनगंगेचं पाणी त्या शून्यापेक्षा २४५ मीटर उंचावरून वाहतं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मुलाला नकाशा घेऊन बसवा. पुलाखालून आज गेलेलं पाणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवर वर्धा नदीला भेटतं, तिथून पुढे दोघींचं नाव प्राणहिता होतं. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्रात राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला. कारध्यापासून समुद्रापर्यंतच्या त्या लांबलचक वाटेत पाणी सगळं मिळून साधारण २४५ मीटर खाली उतरतं. आणि यात तुमच्यासाठी एक गोष्ट आहे. तुमच्या माहेरची गोदावरी आणि सासरची वैनगंगा सिरोंच्याला एकमेकींना भेटतात. रामकुंडावर सोडलेला दिवा आणि कारध्याच्या घाटावर सोडलेला दिवा, दोन्ही तरले तर त्यांची वाट पुढे एकच आहे. पाहुण्यांना हे पहिल्याच संध्याकाळी सांगा.

शून्य कुठून आणायचं, हा त्याचा पुढचा प्रश्न असणार. समुद्र तर भरती-ओहोटीने सारखा वरखाली होतो. म्हणून तेव्हाच्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणी वर्षानुवर्षं पाण्याची उंची नोंदवली गेली आणि तिची सरासरी काढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम पुरं झालं. मग दुर्बीण आणि खुणांची उभी पट्टी घेऊन भारतीय सर्वेक्षण विभागाची माणसं किनाऱ्यापासून आत आत आली. एका ठिकाणी पट्टी धरायची, दुर्बिणीतून वाचायची, पुढे सरकायचं, परत पट्टी धरायची. असं टप्प्याटप्प्याने मुंबईचं किंवा विशाखापट्टणमचं शून्य देशभर पोहोचलं.

तळापासून का मोजत नाहीत? कारण वैनगंगेचा तळ वाळूचा. एका पुरात वाळूचा ढीग इथून उचलला जातो आणि दोनशे हात पलीकडे पडतो. उन्हाळ्यात वाळू उपसली जाते ती वेगळीच. आज जिथे कमरेइतकं पाणी, तिथे पुढच्या वर्षी डोह. असा हलता तळ मोजमापाला कसा धरणार? दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सगळ्या ठिकाणी समुद्राचंच शून्य धरलं की वरचं धरण, मधला पूल आणि खालचं धरण यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. कारध्याला याचाच रोजचा उपयोग आहे.

कारध्याची इशारा पातळी २४५ मीटर आणि धोक्याची पातळी २४५.५० मीटर. मध्ये फक्त अर्धा मीटर, म्हणजे हातभर आणि वर चार बोटं. आता दुसरा आकडा पाहा. पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण, ज्याची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झाली, ते काठोकाठ भरतं तेव्हा त्याच्या जलाशयाची पातळी असते २४५.५० मीटर. तोच आकडा. धरण तिथे खाली, तीस-चाळीस किलोमीटरवर, आणि त्याच्या पाण्याची फूग तुमच्या पुलापर्यंत. धरणाचे ३३ दरवाजे किती उघडले याची बातमी कारध्याची माणसं कान देऊन का ऐकतात ते यावरून कळेल. खालून तुंबलेलं पाणी आणि वरून आलेलं पाणी यांची गाठ इथे पडते. वरून म्हणजे मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातून. वैनगंगा उगम पावते तीही त्याच जिल्ह्यात, आणि तिच्यावरचा संजय सरोवर हा मोठा जलाशयही तिथेच. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वरच्या धरणांतून पाणी सोडलं गेलं आणि भंडारा जिल्ह्याने मोठा पूर पाहिला. भंडाऱ्यात त्या दिवशी पाऊस पडलाच पाहिजे असं नव्हतं. आभाळ इथे मोकळं असताना शिवनीकडच्या पावसाने इथली घरं भिजू शकतात. ज्याने एकदा ते पाहिलं तो पुढे प्रत्येक ऑगस्टमध्ये आधी आकडा विचारतो, मग आभाळाकडे बघतो.

त्या पुरानंतर मी एका ओळखीच्या घरी गेलो होतो. चिखल काढून झाला होता, भिंती वाळत होत्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मसाल्याच्या फळीच्या वर, करड्या गाळाची एक सरळ आडवी रेघ उमटली होती. शाळेत पट्टीने मारतात तशी. घरातल्या आजींनी बाकी सगळी भिंत चुन्याने रंगवून घेतली आणि तेवढी रेघ राहू दिली. ‘राहू दे बापा, पोराईले दाखवाले होते,’ म्हणाल्या. आता तुम्ही विचारता की इथे संग्रहालय नाही. मला ती भिंत आठवते.

आता पाहुण्यांकडे वळू.

कारध्यात पहिली दाखवायची जागा पूलच. नागपूरकडून भंडारा ओलांडलं की वैनगंगा लागते आणि पलीकडे कारधा. हाच रस्ता जुना ग्रेट ईस्टर्न रोड, नागपूरहून रायपूरला जाणारा. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला, आता ५३. सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. त्या सगळ्या रस्त्यावरचा एक दगड म्हणजे तुमचं गाव. इथूनच पहेला, अड्याळ, पवनीकडे जाणारा रस्ताही फुटतो. रेल्वे मात्र शहराला बगल देऊन गेली. ‘भंडारा रोड’ नावाचं स्टेशन वरठीला आहे, त्यामुळे भंडाऱ्यात येणाऱ्याच्या नशिबी शेवटचा टप्पा कायम रस्त्याचाच.

पूल दोन. एक मोठा, ज्यावरून ट्रक जातात. दुसरा ब्रिटिशांच्या वेळचा, ठेंगणा. त्याला सगळे ‘लहान पूल’ म्हणतात. पूर आला की हा लहान पूल पाण्याखाली जातो, आणि गावाची पातळी मोजायची पट्टी खरं तर तीच. आकडे नंतर आले. ‘लहान पूल बुडाला’ हे तीन शब्द कारध्यातून भंडाऱ्यात, भंडाऱ्यातून नागपुरात पोहोचले की जावयापासून लेकीपर्यंत सगळ्यांचे फोन सुरू होतात. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी तो पूल ओलांडायचो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी सगळीकडून झळा यायच्या, आणि पुलावर आलं की खालून पाण्याचा गारवा तळपायांना लागायचा. वडील तेवढ्या अंतरात सायकल मुद्दाम हळू चालवत. पाहुण्यांना तिथे संध्याकाळी न्या, उन्हं कलल्यावर. मोठ्या पुलावर गाडी थांबवू नका, रहदारी जीवघेणी आहे.

तिथे उभं राहून पाण्याकडे पाहताना एक गोष्ट खरी खरी सांगावी लागेल. पूर्वी उन्हाळ्यात पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडत आणि ढिवर-कहारांच्या डांगरवाड्या लागत. वाळूत खड्डा, खड्ड्यात शेणखत, खड्ड्याभोवती तुऱ्हाट्यांचं कुंपण, आणि त्यात टरबूज-डांगराचे वेल. पहाटे तोडलेलं डांगर वाळूचा गारवा घेऊन बाजारात यायचं. धरणाचं पाणी मागे चढलं तशी ही वाळू पाण्याखाली गेली आणि वाहती नदी बरीचशी थांबून राहिली. थांबलेल्या पाण्याला वास येतो. शिवाय नागपूरच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे खाली याच जलाशयात पोहोचतं, त्यावर वर्षानुवर्षं तक्रारी, बैठका, आंदोलनं झाली आहेत. धरणाने लाखो एकरांना पाणी द्यायचं आहे, त्याची गरज मी नाकारत नाही. पण वैनगंगेच्या काठचा माणूस नदीकडे पाहतो तेव्हा त्याला तिच्या आतली ती वाळूही दिसत असते. पाहुण्यांना नदी दाखवायची तर तेही सांगायला हवं.

आता नाट्यगृहाचं. ताई, तुमच्या माहेरची माणसं दिवाळीनंतर येणार हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडची नाट्यगृहं तेव्हाच बांधली जातात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, हा सगळा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. झाडी म्हणजे जंगल. या पट्टीत दिवाळी लक्ष्मीपूजनाला संपत नाही, तिथून सुरू होते. दुसऱ्या दिवशी गायगोधन. गोवारी समाजाची माणसं डफडं वाजवत, नाचत गायींना घेऊन निघतात, ढाल उभारली जाते, तिची पूजा होते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई लागते. बाकी महाराष्ट्रात मंडई म्हणजे भाजीबाजार, पण इथे मंडई म्हणजे गावाची जत्रा, एका दिवसाची. शेजारच्या गावाची तारीख आपल्या तारखेवर आदळू नये हे पाहून दिवस ठरतो, कारण पाहुणे दोन्हीकडचे तेच. लेकी माहेरी येतात त्या भाऊबीजेइतक्याच मंडईसाठी. सोयरिकी जुळतात त्याही इथेच, शिंगाड्याच्या ढिगाशेजारी उभं राहून. शिंगाडे तळ्यांतले, आपल्या मालगुजारी तलावांतले. काळे, काटेरी, उकडलेले. नाशिकच्या माणसांनी शिंगाड्याचं पीठ उपासाला खाल्लेलं असतं, पण अख्खा शिंगाडा सोलायला त्यांना शिकवावं लागेल. शिंगं आधी मोडायची, मग दातांनी कड काढायची.

दुपारी मंडईत दंडार असते, खडी गंमत असते. खडी गंमत उभ्याने करायची. शाहीर, ढोलकी, तुणतुणं, आणि स्त्रीवेषातला नाच्या. समोरासमोर दोन पार्ट्या असल्या तर सवाल-जवाब रंगतात. आणि रात्री नाटक.

हे नाटक कुठे होतं ते तुमच्या माहेरच्यांना जवळून दाखवा. दोन दिवस आधी ते नुसतं शेत किंवा गावाबाहेरचं पटांगण असतं. मग खोदाई सुरू होते. प्रेक्षक बसतात ती जमीन उतरती खणून घेतात, पुढे खोल आणि मागे उथळ, म्हणजे मागच्याला पुढच्याचं डोकं आड येत नाही. निघालेली माती टाकून रंगमंचाचा ओटा उचलतात. ओट्याच्या पायथ्याशी वादकांची जागा, तिथे ऑर्गन, तबला, ढोलक. वर बांबू, कापड, पडदे, दिवे. रोममधल्या दगडी प्रेक्षागृहांचा उतार ज्या कारणासाठी आहे त्याच कारणासाठी हा मातीचा उतार आहे, आणि तो कुणा वास्तुशास्त्रज्ञाने नाही, गावातल्या पोरांनी फावड्याने काढलेला असतो. दिवसभर रिक्षावर भोंगा बांधून जाहिरात फिरते. खुर्चीचं तिकीट वेगळं, खाली बसायचं वेगळं. खालचं घ्या. जाड सतरंजी आणि दोन-दोन पांघरुणं घेऊन जा, कारण नाटक रात्री दहाच्या पुढे उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नोव्हेंबर-डिसेंबरातली झाडीपट्टीतली पहाट हाडात शिरते.

सकाळी उजेड झाला की कापड उतरतं, बांबू सुटतात, ओट्याची माती परत खड्ड्यात जाते. आठवड्याभरात तिथून बैलगाडी जाते. तुमच्या गावाला नाट्यगृह नाही असं तुम्ही लिहिलंत, त्यावर माझं म्हणणं इतकंच आहे की आपल्याकडे ते एका रात्रीपुरतं असतं, आणि जिथे गर्दी आहे तिथे जातं.

या नाटकांचा धंदा मोठा आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं केंद्र. तिथे नाट्यकंपन्यांची कार्यालयं आहेत. गावकरी जाऊन नाटक ठरवतात, बयाणा देतात आणि दिवाळीपासून होळीपर्यंत कलावंतांना क्वचितच एखादी रात्र मोकळी मिळते. ‘झाडीपट्टीतले दादा कोंडके’ म्हणून ओळखले जाणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टी रंगभूमी म्हणजे काय ते पहिल्यांदा समजावून सांगितलं. इथल्या माणसाला ते समजावून घ्यायची गरज कधी पडली नव्हती.

नाटकाला जोडून पूर्वी शंकरपट असे, दिवसा बैलांच्या जोड्यांची शर्यत आणि रात्री नाटक. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत पट थांबले, पण पटाच्या तारखांना नाटकं होत राहिली. कारण गाव जमायचं ते जमतच होतं.

एक सूचना. पाहुण्यांना नाटकात विनोदी पात्रं काय बोलतात ते अर्धंच कळेल, तेव्हा सासूबाईंना शेजारी बसवा. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. पाण्याचं पानी होतं, डोळ्याचा डोरा, शाळेची सारा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश केला, तिच्यासाठी साहित्य संमेलनं उभी केली, आणि ती अशुद्ध मराठी नाही हे आयुष्यभर मांडलं. आठ वर्षांत तुमच्या मुलाच्या तोंडी ती बसली असेलच. शाळेत कुणी हसलं तर त्याला हे नाव सांगा.

*

प्रश्न : मराठीतला पहिला ग्रंथ भंडाऱ्याजवळ अंभोऱ्याला लिहिला गेला असं आमचे सर सांगत. बीड जिल्ह्यातले नातेवाईक म्हणतात, तो अंबाजोगाईचा. खरं कोणाचं? (एक वाचक, भंडारा)

उत्तर : ग्रंथ मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’. त्याचा काळ शके १११० म्हणजे इ.स. ११८८ असा ग्रंथातच दिला आहे, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधी. त्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, तसाच जागेबद्दलही. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे आणि तिथली परंपरा जिवंत आहे. अंभोऱ्याच्या बाजूने पुरावा असा की ग्रंथात वैनगंगेच्या तीराचा उल्लेख येतो, आणि अंबाजोगाईला वैनगंगा नाही. शिवाय मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतले हरिनाथ यांची समाधी अंभोऱ्याला आहे. मी वैनगंगेच्या काठचा माणूस, तेव्हा माझा कौल कुठे पडेल ते सांगायला नको. पण माणूस एकीकडे लिहितो आणि दुसरीकडे देह ठेवतो, यात अशक्य काही नाही. दोन्ही गावांनी त्यांना आपलं म्हणावं.

जागा मात्र पाहून याच. कारध्याच्या पुलाखालून गेलेली वैनगंगा तिथे कन्हानला भेटते, आंब नदी येते, आणखी प्रवाह येतात. पाच नद्यांचा संगम म्हणतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर, भोवती पाणी. गाव नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात मोडतं, समोरचा काठ भंडारा जिल्ह्याचा. पूर्वी मधे डोंगाच होता. आता तारांनी तोललेला उंच पूल झाला आहे, त्यावर प्रेक्षक-गॅलरी आहे आणि रविवारी फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. जाल तेव्हा गॅलरीतून खाली उतरून हरिनाथांच्या समाधीपर्यंतही जा. तिथे गर्दी नसते.

*

प्रश्न : भंडारा हे नाव किती जुनं? पितळेवरून पडलं हे खरं का? (एक विद्यार्थी)

उत्तर : ‘भाणं’ म्हणजे धातूचं भांडं, आणि भंडाऱ्याची पितळी भांडी नावाजलेली, म्हणून ही व्युत्पत्ती सगळ्यांच्या तोंडी आहे. जुना आधार रतनपूरच्या शिलालेखाचा आहे. इ.स. ११०० च्या त्या लेखात ‘भानारा’ हे नाव येतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी इथे आले आणि इथलेच नीळभट्ट भांडारेकर त्यांच्यामागे निघाले, ही महानुभाव पंथातली हकिकत प्रसिद्ध आहे. गावाचं नाव माणसाच्या आडनावात जाऊन बसलं, ते सात-आठशे वर्षांपूर्वी.

*

प्रश्न : डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून निवडणुकीला उभे होते हे ऐकून आश्चर्य वाटलं. कधी? (एक वाचक, लाखनी)

उत्तर : १९५४ साली, लोकसभेच्या पोटनिवडणुकीत, राखीव जागेवर. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब हरले. मतदारसंघ तेव्हा दोन जागांचा होता, सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. म्हणजे एकाच निवडणुकीत भंडाऱ्याने एक मोठा माणूस दिल्लीला धाडला आणि त्याहून मोठा माणूस परत पाठवला. जिल्ह्यातल्या जुन्या माणसांनी याची खंत मुलाबाळांना सांगितलेली मी ऐकली आहे. दोनच वर्षांनी, १९५६ च्या दसऱ्याला, इथून जेमतेम साठ किलोमीटरवर नागपुरात बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली, आणि भंडारा जिल्ह्यातून माणसं तिथे गेली. त्यांच्या नातवंडांकडून त्या प्रवासाच्या आठवणी या सदराकडे आल्या तर मला त्या छापायला आवडतील.

*

पहिल्या पत्रातल्या मुलासाठी एक काम राहिलं. मामा-मामी येतील तेव्हा त्यांना घ्यायला वरठीच्या स्टेशनवर तोही जाईल. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी असते, तिच्यावर स्टेशनच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहितात. तो आकडा त्याने वहीत उतरवून घ्यावा आणि त्यातून २४५.५० वजा करावेत. उरेल तेवढे मीटर वैनगंगा धोक्याच्या खुणेवर असताना रेल्वेचा फलाट तिच्या वर असतो. मग मामांकडून नाशिक रोडच्या पाटीवरचा आकडा मागवून तीच वजाबाकी पुन्हा करावी. दोन्ही उत्तरं मला पोस्टकार्डावर कळवावीत, आणि लहान पूल यंदा बुडाला होता की नाही, तेही.